वरच्या आळीचं पाणी

शिरगाव, खालची आळी
३ फेब्रुवारी

सुलू,

इकडे सगळं बरं हाय असं आधी लिहायची पद्धत हाय. बरं नाय, म्हणून ते सोडलं.

फोन करू नको. फोनवर तू गोड बोलतेस, आणि ठेवल्यावर मला आठवत नाय मी कशाला चिडले होते. म्हणून स्वराच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहिते. नामदेव भाजीचा टेम्पो घेऊन रोज बोईसरला येतो, त्याच्या हाती देते. मी चौथीपर्यंत शिकले, चुका काढत बसू नको.

काल हळदीकुंकू कोणाकडे होतं? माझ्याकडे. तिळगूळ कोणी केला? मी. वाणाच्या चाळण्या कोणी आणल्या? मी. आणि बाया तोंड उघडं टाकून ऐकत कोणाचं बसल्या? तुझं! माझ्याच ओटीवर, माझ्याच सतरंजीवर बसून.

काय नवीन सांगितलंस तू? खाडीच्या बांधातला लाकडी दरवाजा, आपली उघाडी, कुजली हाय. भरतीचं पाणी आत शिरतं. आळीतल्या सहा विहिरींपैकी पाच खाऱ्या झाल्या, सहावी आपली, तिचं पाणीपण आता मचूळ लागतं. डाळ शिजत नाय, चहात दूध फाटतं, पानवेलीची पानं कडेनं जळतात. ह्या पावसाळ्यातल्या उधाणाला उघाडी अशीच राहिली तर विहीर गेली आणि मागोमाग वाडी गेली. हे मी चार वर्षं ओरडते हाय. तेव्हा काय म्हणायच्या ह्या बाया? गोजरा किरकिरी हाय. गोजराला कोणाचं चांगलं बघवत नाय.

आणि तू काय केलंस? त्यात नुसतं "हवामान बदल" घातलंस. समुद्र वर येतोय, पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो, सगळ्या जगात असं चाललंय. झालं. मंगळी रडली. मंगळी! शेजारी राहून माझ्याशी वर्षातून आठ महिने अबोला धरणारी बाई तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "सुलूताई, तुमी सांगितलंत तेव्हा कळलं."

तेव्हा कळलं!

रात्री तुझा थोरला दीर पंढरीपण म्हणाला, सुलूचं डोकं चालतं. मी त्याला न शिजलेलं वरण वाढलं आणि म्हटलं, ने सुलूकडे, तिच्या डोक्यात शिजव.

तर सांगते ते ऐक. बोईसरला काय भाषणं करायची ती कर. ह्या आळीत बोलायचं नाय. ही आळी माझी हाय.

तुझी मोठी जाऊ,
गोजरा

---

बोईसर
८ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. नामदेवनं ते कोथिंबिरीच्या जुडीत खोचून दिलं, त्यामुळे आधी वास घेतला, मग वाचलं. राग यायचा तो आलाच, पण तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हेही दिसलं.

तुमचं खरं आहे. मी नवीन काही सांगितलं नाही. पण मी सांगितलंच कुठे? तुम्ही आठवून बघा, मी विचारलं. मंगळीताईंना विचारलं, तुमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ कधीपासून शिजत नाही? बाकी सगळं त्याच बोलल्या.

हे मला कंपनीत कळलं. मागच्या एप्रिलमध्ये आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये दोन बायका चक्कर येऊन पडल्या. मी मधल्या सुट्टीत उभी राहिले आणि मोठं भाषण केलं. पृथ्वी तापतेय, हे वाढतेय, ते वितळतेय. सगळे डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी गप्प बसून शेजारच्या बबलूला नुसतं विचारलं की तुझ्या गावाला उन्हाळा कसा असतो रे? तो बिहारचा आहे, माल चढवतो. म्हणाला, "दीदी, अब तो रात को भी खटिया पे पानी डाल के सोते हैं. बाबूजी बोलते हैं ऐसा पहले नहीं था." मग दुसरा बोलला, मग तिसरी. आठ दिवसांनी आम्ही चौदा जण मिळून साहेबांकडे गेलो. आता उन्हाळ्यात दुपारी अर्धा तास जास्त सुट्टी मिळते, आणि शेडच्या छपरावर पांढरा रंग लावलाय.

आता मुद्द्याचं. आपल्या पंचायत समितीचे मेंबर मनीष यांना मी दोनदा जाऊन भेटले. उधाणाचे फोटो दाखवले, तारखा दिल्या. ते म्हणाले, मी स्वतः येऊन पाणी बघतो. नऊ मार्चला, रविवारी सकाळी ते येतील. मी त्यांना आपलं घर सांगितलं आहे.

फक्त एक विनंती. त्यांना बोलायला कमी आणि बघायला जास्त द्या. तुम्ही एकदा सुरू झालात की समोरचा माणूस पळायची वाट शोधतो, हे तुम्हालाही माहीत आहे. रागावू नका.

स्वराची परीक्षा चांगली चालली आहे. ती म्हणते, काकू, आईला सांगा मी नीट जेवते.

तुमची,
सुलू

---

शिरगाव
१३ फेब्रुवारी

सुलू,

रागावू नका असं लिहिलं की माणूस रागावतं, हे तुला दहावीपर्यंत शिकवलं नाय वाटतं.

कमी बोला? माझ्या घरात? बरं. बोलणार नाय. मेंबर येऊ दे. तू दोनदा जाऊन भेटलीस हे मला तिसऱ्या पानावर सांगतेस. आधी विचारलं असतंस तर मीपण आले असते. मला काय पालघरचा रस्ता माहीत नाय?

आणि स्वरा तुला सांगते मला सांगायला. माझी पोरगी तुझ्या घरी राहून कॉलेज शिकते हे तुझे उपकार हायत, मानते. पण मागच्या शनिवारी आली तर मला म्हणते, "आई, तू ऐकून घेत नाहीस, काकू कशी ऐकून घेतात." मी म्हटलं, काकूला कामं कमी हायत.

तुझी विचारायची युक्ती मी करून बघितली. सकाळी मंगळी दारात दिसली. मी गोड आवाज काढून विचारलं, "मंगळी, तुला काय वाटतं गं, हल्ली समुद्राचं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "गोजरा, तुला बरं नाय का?" आणि आत जाऊन नवऱ्याला सांगून आली की गोजराला ताप आलाय.

चिमीला विचारलं. चिमी म्हणाली, "काय हवंय ते सरळ सांग, उसनं कायपण देणार नाय."

म्हणजे युक्तीत काय नाय. तोंड तुझं हाय म्हणून चालते.

पण मेंबरच्या दिवशी बघ तू. असा पाहुणचार करते की पुढची दहा वर्षं त्याला आपली आळी आठवेल. सुलूची जाऊ नाय, गोजराबाई म्हणून आठवेल.

गोजरा

---

शिरगाव
१० मार्च

सुलू,

काल तू आली नायस ते बरंच झालं. स्वरानं सांगितलं तुला जादा शिफ्ट लागली. तू नव्हतीस म्हणून कायपण अडलं नाय, उलट सगळं निवांत झालं.

मेंबर साडेनऊला आले. बरोबर दोन माणसं. मी ओटी सारवून, नवीन चादर घालून, पंढरीला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून तयार. आल्या आल्या पाणी दिलं. तांब्याभर प्यायले. मग चहा. सुलू, तो चहा तू बघायला हवा होतास. गवती चहा, आलं, दाट दूध, रंग असा की वाटीत सोनं. मेंबर म्हणाले, "काकू, असा चहा आमच्या घरी होत नाही." दुसरा कप मागून घेतला. त्यांच्याबरोबरच्या माणसांनीपण.

मग मी म्हटलं, जेवूनच जा. नाय नाय म्हणाले, पण वरणभात आणि कोलंबीचं कालवण बघितल्यावर बसले. वरण कसं लोण्यासारखं. तूरडाळ अशी शिजली होती की रवी लावायला नको.

तुझ्या डोक्यात आलं असेल, डाळ कशी शिजली? अगं, मी काय वेडी हाय? आदल्या दिवशी वरच्या आळीत चिंतूच्या बोअरवरून चार हंडे गोडं पाणी आणलं. पाहुण्याला काय फाटलेला चहा देऊ? लोक काय म्हणतील, गोजराच्या घरी मेंबर आला आणि तिनं खारं पाणी पाजलं? एक हंडा मंगळीला दिला, कारण मेंबर तिच्याकडेपण जाणार होते. तिनं कोकम सरबत केलं. अर्धा अर्धा हंडा चिमीला आणि शेजारच्या दीपाला. चारही घरी मेंबर गेले, चारही घरी तोंड भरून कौतुक केलं. एका घराची लाज गेली नाय. आळीचं नाव राखलं मी.

विहीर बघितली त्यांनी. वरून वाकून. पाणी खोल हाय म्हणाले. उघाडीकडे जायचं होतं, पण ऊन झालं आणि जेवून अंग जड झालेलं, म्हणाले फोटोत बघितली हाय.

आणि तू म्हणालीस तसं मी कमी बोलले. एकदापण ओरडले नाय. सारखी नुसती वाढत होते.

जाताना मेंबर माझ्या पाया पडले. तुझं नाव त्यांनी एकदाच काढलं, गाडीत बसताना, आणि मी म्हटलं, ती बोईसरला असते.

गोजरा

---

बोईसर
१६ मार्च

वहिनी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

काल मेंबरनी मला पालघरला बोलावलं. मला वाटलं कागद तयार झाले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सुलूताई, तुम्ही मनापासून काम करता, पण थोडं वाढवून सांगता. मी चार घरी गेलो. पाणी प्यालो, चहा प्यालो, सरबत प्यालो, जेवलो. पाणी गोड आहे. तूरडाळ तर इतकी छान शिजली होती."

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तुमचं पत्र नामदेवनं दोन दिवस उशिरा दिलं, मी घरी येऊन वाचलं.

तुम्हाला एक सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. बांधाच्या दुरुस्तीसाठी ह्या वर्षी आपल्या भागातून एकाच गावाचं नाव वर जाणार आहे. आपलं नाव पहिलं होतं. आता दुसऱ्या गावाचं आहे. तिथल्या लोकांनी त्यांना खारं पाणी पाजलं असणार.

आणखी एक. मला जादा शिफ्ट नव्हती. मी त्या रविवारी घरीच होते, कपडे धूत होते. मी आले असते तर मेंबर माझ्याशीच बोलले असते, आणि तुम्ही स्वयंपाकघरात राहिला असता. मला वाटलं, एक दिवस तरी हा दिवस त्यांचा असू दे. म्हणून आले नाही.

आता मी त्यांच्याकडे परत जाणार नाही. त्यांच्या लेखी मी थापा मारणारी बाई आहे.

सुलू

---

शिरगाव
१८ मार्च

सुलू,

तुझ्या माहेरी, माकुणसारला, पाहुण्याला खारं पाणी देतात काय? द्यायचं असतं तर मला आधी सांगायचं. कमी बोला म्हणून लिहिलंस, काय पाजा ते लिहिलं नायस.

आणि माझ्यावर मेहरबानी करून घरी कपडे धूत बसायला तुला कोणी सांगितलं होतं? मला तुझा उरलेला दिवस नको.

एकाच गावाचं नाव जाणार हाय हे मला माहीत असतं तर

इथपर्यंत लिहिलं आणि पुढं सुचेना. तसंच पाठवते.

गोजरा

---

शिरगाव
१२ एप्रिल

सुलू,

तीन आठवडे लिहिलं नाय. लिहिण्यासारखं काय नव्हतं. विहिरीचं पाणी अजून उतरलं. गुढीपाडव्याला श्रीखंड केलं म्हणून बरं, पुरणाची डाळ काय शिजली नसती. मंगळीच्या पानवेलीच्या दोन रांगा गेल्या. आपल्या खालच्या कडेच्या नारळाचे शेंडे पिवळे पडले. पंढरी रोज सकाळी तिथं जाऊन पिवळे शेंडे मोजून येतो.

काल मी पालघरला गेले. एकटी. मेंबरच्या ऑफिसात दोन तास बाकड्यावर बसले. माझ्या पुढं एक माणूस रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन आला होता, तो इतका घोळवून बोलत होता की मीच त्याला म्हटलं, भाऊ, खड्डा किती मोठा ते सांग आणि ऊठ.

मग माझा नंबर. मेंबर उठून उभे राहिले. "काकू! या या. चहा सांगतो."

"चहाचं नाव काढू नका," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. चार हंडे, चिंतूची बोअर, मंगळीचं सरबत, चिमीचं, दीपाचं. मेंबर आधी हसले. हसता हसता थांबले. म्हणाले, "म्हणजे चारही घरी मी वरच्या आळीचंच पाणी प्यालो?"

"हो. आणि दीपाच्या घरी अर्धं ठेवलंत. हंडाभर पाणी डोक्यावरून आणलं होतं ते."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाले, "काकू, सुलूताई महिनाभर मला तारखा सांगत होत्या, फोटो दाखवत होत्या. मी त्यांना खोटं पाडलं. ह्या खुर्चीत बसवून."

मी म्हटलं, तुमी नाय पाडलं, मी पाडलं.

सुलू, हे मी त्यांच्यासमोर बोलले. तुझ्यासमोर बोलायला जमणार नाय, म्हणून लिहिलं. परत विचारू नको.

ते म्हणाले, आता नुसत्या माझ्या शब्दावर होणार नाही. दुसऱ्या गावाचं नाव वर गेलंय. एक मेच्या ग्रामसभेत ठराव करून आणा, मग मी दोन्ही नावं लढवतो. पण लोक विचारणार की पाणी गोड असताना बांध कशाला. मेंबरनं चार घरी पाणी प्यायलं हे सगळ्या गावाला माहीत हाय. तर त्याचं उत्तर द्यावं लागेल.

म्हणजे भर गावात उभं राहून सांगायचं, मी खोटं पाणी पाजलं.

ते तू सांग. तू ये आणि बोल. लोक तुझं ऐकतात. हे लिहिताना माझा हात दुखतोय, पण लिहिलं. तू नीट सांगशील, कोणाला न दुखवता, मधे मधे तारखा घालून. मी बोलले तर वरच्या आळीशी भांडण होईल आणि ठराव पडेल. वाडी जाईल.

तुला टाळ्या मिळाल्या तर मिळू दे. मी बघणार नाय, एवढंच.

गोजरा

---

बोईसर
२० एप्रिल

वहिनी,

मेंबरनी फोन केला होता. माफी मागितली. तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं. मी परत विचारत नाही.

मी ग्रामसभेला येईन, पण बोलणार नाही. पाणी तुम्ही पाजलंत, तर सांगायचं तुम्हीच.

आता मीही लिहूनच सांगते, कारण तोंडावर मला पण जमत नाही. हळदीकुंकवाला मी समुद्रासाठी बोलले असं सगळ्यांना सांगते. अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं म्हणजे, तुमच्या ओटीवर एकदा तरी कोणी माझं ऐकावं.

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गणपतीला येते, होळीला येते, पाहुणीसारखी. तुम्ही मला पाटावर बसवून वाढता, काम सांगत नाही. मोगऱ्याच्या कळ्या तोडायला गेले तर म्हणता, "राहू दे, तुझ्या हातानं देठ मोडतो." आळीत मला आजपर्यंत कोणी नावानं हाक मारली नव्हती. रामनाथची बायको. बोईसरची. त्या दिवशी मंगळीताई पहिल्यांदा सुलूताई म्हणाल्या.

तुम्ही सगळ्यांशी भांडता आणि तरी तुमच्या दारावरून कोणी हाक मारल्याशिवाय जात नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दाराचं आडनाव मला चार वर्षं माहीत नव्हतं. टँकर आला नाही तेव्हा कळलं.

स्वरा आठवडाभर माझ्याकडे जेवते. तिला आवडतं म्हणून मी ओल्या काजूची उसळ करते. आणि शनिवारी सकाळपासून ती घड्याळ बघत बसते, कधी शिरगावची गाडी निघते. तुम्हाला वाटतं मी तिला पळवली. वहिनी, ती माझ्याकडे झोपते फक्त.

तर हेवा एकट्या तुमच्याकडेच आहे असं समजू नका.

ग्रामसभेत तारखा सांगू नका, तुम्हाला पाठ होणार नाहीत. जे बघितलंत ते सांगा. आणि कोणी चिडवलं तर भांडा. मी कमी बोला म्हणाले होते ते चुकलं होतं.

सुलू

---

शिरगाव
३ मे

सुलू,

परवा तू मागे बसलीस, दाराजवळ. सभा संपल्यावर मी बाहेर येईपर्यंत नामदेवच्या टेम्पोत बसून निघूनपण गेलीस. म्हणून लिहिते.

तू सगळं बघितलंस, पण मागच्या पंख्याच्या आवाजात तुला अर्धं ऐकू आलं नसणार. तर ऐक.

मी उभी राहिले. मी म्हटलं, माझं लग्न झालं तेव्हा उधाणाचं पाणी खाडीच्या बाभळीपर्यंत यायचं. स्वरा झाली त्या वर्षी बांधाला लागलं. आता माझ्या पानवेलीत येतं. पाऊस आठवडाभर पडायचा तो एका दुपारी पडतो, आणि बाहेरून भरती उभी असते म्हणून ते पाणी जायला वाट नसते. हे मी कोणत्या पुस्तकात वाचलं नाय. माझ्या दारात उभी राहून बघितलं.

वरच्या आळीचा चिंतू उठला. म्हणाला, "काकू, समुद्र काय तुमचा ठराव वाचून मागं जाणार?" सगळे हसले. तू हसली नायस, ते मी बघितलं.

मी म्हटलं, "नाय जाणार. मी समुद्राला मागं जा म्हणत नाय. मी दरवाजा मागते हाय. तुझ्या घराला दरवाजा हाय की नाय?"

मग तो म्हणाला, "मेंबर तर चार घरी गोड पाणी पिऊन गेले."

तेव्हा सांगितलं. ते पाणी तुझ्या बोअरचं होतं, चिंतू. तुझ्या बायकोला न सांगता नेलं, ती माहेरी गेली होती. पाहुण्यासमोर लाज जाऊ नये म्हणून मी सगळ्या आळीला लबाड केलं, आणि खरं बोलणारी एक बाई होती तिला खोटं पाडलं. आणि आता ऐक. आमची सहावी विहीर गेली की ह्या आळीच्या सगळ्या बाया रोज हंडे घेऊन तुझ्या बोअरवर. तुझी बोअर किती दिवस टिकते ते बघू. मग तूच उघाडी मागायला येशील, माझ्या पुढं.

मग मंगळी उठली. म्हणाली, "माझं सरबतपण त्याच पाण्याचं." चिमी बसल्या बसल्या म्हणाली, "माझं पण. आणि हंडा अजून परत केला नाय." मग लोक वेगळं हसले.

ग्रामसेवक म्हणाला, ठरावाच्या बाजूचे हात वर करा.

खालच्या आळीचे सगळे. वरच्या आळीतले बरेच. चिंतूचा हात सगळ्यात शेवटी, पण आला. आणि मागे दाराजवळ तुझा.

ग्रामसेवक मोजत मोजत तुझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बोईसरच्या. तुमचं नाव ह्या गावच्या यादीत नाही. हात खाली घ्या."

खरं लिहिते, सुलू. आधी मला बरं वाटलं. इतका वेळ, पापणी लवेल एवढा. मी उभी, माझा ठराव, माझं गाव, आणि तुझा हात मोजत नायत. फेब्रुवारीपासून मला जे हवं होतं ते सगळं एकदम मिळालं.

मग तुझा हात खाली येताना बघितला. तू तो सावकाश खाली घेतलास, जसा काय केस सारखे करायला वर नेला होतास. आणि पदर नीट केलास. एकोणीस वर्षं तू असंच करतेस, हे मला तेव्हा कळलं. पाटावर बसवून वाढते तेव्हापण तू असाच पदर नीट करतेस.

मला ते गोड लागलं नाय.

ठराव झाला. मेंबरचा काल फोन आला, दोन्ही गावांची नावं गेली. पण इंजिनियर येणार, माप घेणार, काम दिवाळीनंतर. ह्या पावसाळ्यात उघाडी होत नाय. म्हणजे ज्येष्ठाच्या अमावास्येला उधाण येईल ते आपल्यालाच अडवायचं हाय. गोणी भरून बांधावर टाकायच्या, मागे चिखलमाती लावायची. आळीतली सगळी येणार हायत, चिंतू ट्रॅक्टर देतो म्हणाला. तरी माणसं कमी पडतील. पंढरीची कंबर धरते. विहीर वाचेल की नाय ते मला सांगता येत नाय, पण नुसतं दारात बसून ती जाताना मी बघणार नाय.

तर रामनाथभावजींना आणि स्वराला घेऊन आदल्या दिवशीच ये. कंपनीत रजा आत्ताच टाक. पाहुणी म्हणून बोलवत नाय. पाट मांडणार नाय, ताट वाढणार नाय, तुझं तू वाढून घ्यायचं आणि मलापण वाढायचं. गोणीचं तोंड कसं बांधायचं ते मी दाखवेन, पहिल्या दोन चुकतील, चुकू दे.

बांधावर कोण यादी बघत नाय.

घमेलं तुझं तू आण. माझं मी कोणाला देत नाय.

गोजरा